देकार्तचे दोन हिंवाळे

वर्षांतला विसाव्याचा काळ कोणता, असें विचारलें तर जुन्या महाराष्ट्रांतील मनुष्यानें पावसाळ्याकडे बोट दाखविलें असतें. चातुर्मासांत वाटा चिखलानें बंद होत, नद्यांना उतार राहत नसे, मराठी फौजा मुलखांत परतून छावणी करीत, आणि दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें म्हणजे मगच पुन्हां मोहिमेची भाषा निघे. थंडीचे दिवस आपल्याकडे उलट उद्योगाचे. रब्बीचें पीक शेतांत उभें असतें, गुऱ्हाळें चालूं असतात. पहांटे शेकोटी पेटते ती घटकाभर, आणि ऊन वर आलें कीं घोंगडी खांद्यावरून उतरते. उत्तर युरोपांत सगळा प्रकार याच्या उलट. तेथें बर्फ पडूं लागलें कीं रस्ते बुजत, नद्या गोठत, लढाया थांबत, आणि राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला चार भिंतींच्या आंत ऊब शोधावी लागे. घरीं स्वस्थ बसण्याचा त्यांचा ऋतु तो हाच.

अशा घरीं बसण्याचें मोल काय, याचा विचार करूं लागलों म्हणजे सतराव्या शतकांतील दोन हिंवाळे माझ्या डोळ्यांपुढें येतात. एक १६१९ सालचा आणि दुसरा १६४९-५० चा. दोहोंत मनुष्य एकच आहे, फ्रेंच तत्त्ववेत्ता रेने देकार्त. पहिल्या हिंवाळ्यांत त्याला एक ऊबदार खोली मिळाली, आणि दिवसाचे सगळे तास त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते. दुसऱ्यांतहि खोली होती. तास मात्र दुसऱ्याच्या हातीं गेले.

देकार्तचें नांव नसलें तरी त्याचें काम आपल्या घरांतून परिचयाचें आहे. मुलगा वहींत दोन काटकोनी रेषा आंखून त्यांवरून बिंदूचें स्थान सांगतो, किंवा समीकरणाचा आलेख काढतो, तेव्हां तो देकार्तच्याच वाटेनें चाललेला असतो. १६३७ सालीं छापलेल्या त्याच्या भूमितीवरील निबंधानें बीजगणित व भूमिति यांची सोयरीक जुळविली. अंथरुणांत पडल्या पडल्या छतावरील माशी पाहून त्याला ही युक्ति सुचली, अशी एक गोष्ट वर्गांतून सांगितली जाते. तिला पुरावा नाहीं. परंतु ती रचणाऱ्याला देकार्तचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे, कारण अंथरुणांत पडून विचार करणें ही त्याची जन्माची संवय होती.

त्याचा जन्म ३१ मार्च १५९६ चा. तो वर्षाचा झाला न झाला तोंच आई वारली. प्रकृति नाजुक, वर्ण फिकट, कोरडा खोकला कायमचा सोबतीला; हें मूल वांचणार नाहीं, असें वैद्य सांगत. पुढें त्याला ला फ्लेश येथील जेझुइट पंथाच्या शाळेंत घातलें, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं त्याला सकाळीं उशिरापर्यंत बिछान्यांत राहण्याची मुभा दिली. जेझुइट शाळांची शिस्त प्रसिद्ध आहे. पस्तीस वर्षें घंटेच्या ठोक्यावर चाललेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला या सवलतीचें फार नवल वाटतें. आज एका मुलाला सूट दिली तर उद्यां पन्नास मुलें ती मागतील, ही भीति प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनांत असते. ती बाजूला ठेवणारा कोणी एक त्या शाळेंत निघाला. सकाळचे ते निवांत तास देकार्तनें पुढें जन्मभर सोडले नाहींत.

कायद्याची पदवी घेऊन झाल्यावर तो १६१८ मध्यें हॉलंडांत नासाउच्या मॉरिसच्या सैन्यांत हौसेनें दाखल झाला. दुसऱ्या वर्षीं जर्मनींत गेला, फ्रांकफुर्ट येथें सम्राट दुसरा फर्डिनंड याच्या राज्याभिषेकाचा समारंभ पाहिला, आणि सैन्याकडे परततांना हिंवाळ्यानें त्याला डॅन्यूब नदीकांठच्या मुलखांत गांठलें. वय तेवीस. अठरा वर्षांनीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, तेथें मन रमेल अशी कोणाची संगत नव्हती, आणि सुदैवानें मनाला छळणारी चिंता किंवा वासनाहि नव्हती. म्हणून तो दिवसभर एका शेगडीच्या खोलींत दार लावून एकटा बसे व आपल्या विचारांशींच बोले. गांवाचें नांव त्यानें दिलेलें नाहीं. फ्रेंच भाषेंत त्या काळीं 'प्वाल' हा एकच शब्द शेगडीला आणि तिनें तापलेल्या खोलीलाहि लावीत. त्यामुळें तत्त्वज्ञ महाशय शेगडीच्या पोटांतच शिरून बसले होते, अशी थट्टा पुढें झाली.

ही शेगडी आपल्या कोळशाच्या शेगडीसारखी नव्हे. खोलीच्या एका अंगाला विटांची बांधलेली, वरून भाजक्या मातीच्या चकचकीत फरशा बसविलेली, पुष्कळदां पुरुषभर उंच अशी ती बंद भट्टीच असे. तिचें तोंड बहुधा शेजारच्या स्वयंपाकघरांत किंवा बोळांत ठेवीत. लांकडें तिकडून घालावयाचीं, धूरहि तिकडेच जावयाचा. खोलींत ना जाळ दिसे ना राख. कांहीं तास जाळ केला कीं विटा व फरशा तापत, आणि मग विस्तव विझल्यावरहि कित्येक तास ती ऊब हळूहळू सोडीत राहत. फ्रान्स-इंग्लंडांतील भिंतींतल्या उघड्या चुल्याची गोष्ट निराळी. तेथें ज्वाळा दिसते, डोळ्यांना सुख होतें, पण बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाते आणि तिच्या जागीं दाराच्या फटींतून गार वारा आंत ओढला जातो. पोटाकडून भाजावें आणि पाठीकडून गारठावें, असा तो मामला. १६९५ च्या फेब्रुवारींत व्हर्सायच्या राजवाड्यांत खुद्द चौदाव्या लुईच्या जेवणाच्या मेजावर पेल्यांतील पाणी व मद्य गोठलें, असें त्याच्या भावजयीनें पत्रांत लिहून ठेवलें आहे. एवढा वैभवाचा राजा, आणि त्याच्यापेक्षां एखादा साधा जर्मन गृहस्थ अधिक उबेंत जेवत असला पाहिजे!

सर्वांनाच ही शेगडी आवडे असें नाहीं. इरॅस्मसनें १५२३ सालच्या एका संवादांत जर्मन उतारशाळांची यथेच्छ टवाळी केली आहे. एका तापलेल्या खोलींत ऐंशी-नव्वद प्रवासी कोंबलेले, कोणाचे ओले कपडे वाळताहेत, कोणाला लसणीचे ढेकर येताहेत, आणि खिडकी उघडण्याची सोय नाहीं. उलट १५८० मध्यें त्याच मुलखांतून गेलेल्या मोंतेननें शेगडीची बाजू घेतली. धूर नाहीं, झोत नाहीं, सगळ्या खोलींत सारखी ऊब, हे तिचे गुण त्याला पटले. ज्याला गर्दी मिळाली त्यानें नांवें ठेवलीं, ज्याला जागा मिळाली त्यानें वाखाणणी केली, असा माझा आपला समज आहे. देकार्तला तर अख्खी खोली एकट्याला मिळाली होती.

त्या खोलींत त्याला पहिल्यानें जें सुचलें तें मोठें घरगुती आहे. पुष्कळ गवंड्यांनीं वेळोवेळीं डागडुजी करून उभें केलेलें घर, आणि एकाच कारागिरानें आधीं आराखडा करून बांधलेलें घर, यांत दुसरें अधिक सुबक असतें. आपलें ज्ञानहि असेंच अनेक हातांनीं ठिगळें लावून वाढलेलें आहे, मग तें पायापासून पुन्हां कां बांधूं नये? सबंध शहर पाडून नवें करा असें तो म्हणत नाहीं. परंतु एखाद्यानें स्वतःचें घर पाडून बांधलें तर कोण अडविणार? आणि पुढें तोच व्यवहाराची गोष्ट सांगतो कीं, घर पाडावयाचें तर तोंवर राहावयाला दुसरी जागा आधीं पाहून ठेवावी. सर्व मतांवर संशय घ्यावयाचा, पण रोजचें वागणें कांहीं साध्या नियमांनीं चालूं ठेवावयाचें, असा त्याचा अर्थ. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्रीं त्याला लागोपाठ तीन स्वप्नें पडलीं. पहिल्यांत वावटळ होती. दुसऱ्यांत विजेचा कडकडाट झाला व खोलीभर ठिणग्या दिसल्या. तिसऱ्यांत एक शब्दकोश आणि एक काव्यसंग्रह होता. या स्वप्नांचे अर्थ लावण्यांत विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे, तींत मी भर घालीत नाहीं.

मला महत्त्वाचें वाटतें तें त्यानंतरचें. एवढी मोठी कल्पना हातीं आलेला तेवीस वर्षांचा तरुण दुसऱ्या दिवशीं ग्रंथ लिहावयाला बसला नाहीं. या कामाला आपलें वय अजून पिकलेलें नाहीं, असें त्यानें ठरविलें. हिंवाळा सरतांच उठून बाहेर पडला आणि पुढलीं नऊ वर्षें देशोदेशीं हिंडत, पाहत, पारखत राहिला. तो ग्रंथ लायडन येथें १६३७ मध्यें छापला गेला, तोहि फ्रेंच भाषेंत आणि कर्त्याच्या नांवावांचून. त्या खोलीनें त्याला विचार दिला, आणि घाई न करण्याचें बळहि दिलें.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. शेगडीचें तोंड बोळांत होतें असें मीं सांगितलें. त्या बोळांत पहांटे उठून लांकडें घालणारा कोणी तरी होताच; त्याचें नांव कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. शिवाय तें साल युद्धाचें होतें. १६१८ मध्यें पेटलेलें तें युद्ध तीस वर्षें चाललें. फौजा हिंवाळी छावणीला राहत, म्हणजे पुष्कळदां नगरवासीयांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांत शिरत. त्यांचें धान्य, त्यांचें सरपण, त्यांची उबेची खोली सैनिकांची होई, आणि युद्ध संपलें तेव्हां जर्मनींतील कित्येक गांवें ओस पडलेलीं होतीं. एकाचा विसावा दुसऱ्याच्या घरावर कसा चालून येतो, हें आपल्याकडील एका राज्यकर्त्यानें फार नेमकें ओळखलें होतें. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत चिपळूणजवळ हलवर्ण येथें मराठी घोडदळ पावसाळ्यासाठीं राहिलें असतां शिवाजी महाराजांनीं तेथील जुमलेदारांना लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दाणा व वैरण बेतानें वापरा, उधळलीत तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, लांकूड, भाजी ओढूं लागाल, आणि ते गरीब लोक तुमच्यापेक्षां मोगल बरे म्हणून गांव सोडतील, असा त्याचा आशय. विस्तवाविषयींहि त्यांत ताकीद आहे. कोणी भलत्या जागीं आगटी करील, कोणी तंबाखू ओढील, रात्रीं दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरणीची गंज पेटेल. राज्याचा धनी उंदरापर्यंतचा विचार करतो, तेव्हां शेजारच्या कुणब्याच्या चुलीला थोडी शाश्वति येते. डॅन्यूबकांठच्या कुणब्याला ती मिळाली नाहीं.

देकार्तनें स्वतः कोणाचें घर ओरबाडलें नाहीं. वांट्याला आलेल्या जमिनी विकून त्या पैशाच्या उत्पन्नावर तो साधेपणानें राहिला, आणि १६२८ पासून वीस वर्षें त्यानें हॉलंडांत काढलीं. रोज दहा तास झोंप घेतों, असें त्यानें १६३१ मध्यें बाल्झाक या फ्रेंच लेखकमित्राला कळविलें. त्याच वर्षीं दुसऱ्या पत्रांत त्याला हॉलंडांत बोलावतांना त्यानें विचारलें कीं, उत्तरेच्या थंडीची भीति वाटत असेल तर रोमच्या उन्हाळ्यांत कोणती सावली, कोणता पंखा, कोणतें कारंजें तुझें उकाड्यापासून रक्षण करील? येथें तर एक शेगडी आणि चांगला मोठा विस्तव असला कीं थंडीचें काम संपलें. वैशाखांत पुण्या-नागपुरास राहणाऱ्या कोणाहि गृहस्थाला हा युक्तिवाद पटेल.

हे हॉलंडमधील हिंवाळे त्यानें पांघरूण घेऊन घालविले असें मात्र समजूं नये. १६३५ च्या फेब्रुवारींत ॲमस्टरडॅम येथें बर्फ पडलें, तेव्हां त्यानें हिमकण नुसत्या डोळ्यांनीं न्याहाळून त्यांचे षट्कोनी आकार टिपून घेतले व पुढें छापले. १६४१ च्या 'चिंतनां'त तर घरची शेगोटीच तत्त्वज्ञानांत आली आहे. मी येथें विस्तवापाशीं हिंवाळी झगा घालून हातांत कागद धरून बसलों आहें, निदान एवढ्याविषयीं तरी संशय कसा घ्यावा, असें तो विचारतो. आणि लगेच, स्वप्नांतहि असेंच वाटत नाहीं काय, म्हणून तोहि आधार काढून घेतो. मधाच्या पोळ्यांतून नुकताच काढलेला मेणाचा तुकडा विस्तवाजवळ नेतांच त्याचा वास, रंग, आकार सर्व पालटतें, तरी मेण तें मेणच, हा त्याचा सुप्रसिद्ध दृष्टान्तहि चुलीजवळ बसलेल्या माणसालाच सुचावा असा आहे.

बाये नांवाच्या चरित्रकारानें १६९१ मध्यें लिहिलेली एक हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. देकार्त एग्मॉंड गांवीं राहत असतां डर्क रेंब्रांट्स नांवाचा, निरॉप गांवचा एक चांभार त्याच्या दारीं आला. त्याला गणिताचें वेड होतें. अंगावरचे कपडे पाहून नोकरांनीं भिकारी समजून त्याला परतवून लावलें. दुसऱ्यांदा आला तेव्हां आंतून पैसे पाठविण्यांत आले. ते त्यानें घेतले नाहींत, माझी वेळ अजून आलेली दिसत नाहीं, पुन्हां येईन, म्हणून निरोप ठेवला. तिसऱ्या खेपेस देकार्तनें त्याला आंत बोलाविलें, पारखलें, आणि पुढें मित्र मानून शिकविलें. हा निरॉपकर चांगला ज्योतिर्गणिती होऊन १६८२ मध्यें वारला. दार लावून बसणाऱ्या माणसाचें दार तिसऱ्या टकटकीला उघडलें, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या भूमितीइतकी मोलाची वाटते. पहिल्या दोन खेपांचा दोष त्याच्या पदरीं किती घालावा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आतां दुसरा हिंवाळा. स्वीडनची राणी ख्रिस्तिना हिला विद्येची मोठी हौस. तिच्या दरबारीं असलेला फ्रेंच वकील शान्यू हा देकार्तचा स्नेही. त्याच्या मध्यस्थीनें आमंत्रणें आलीं, आणि शेवटीं त्याला आणण्यासाठीं एक आरमारी सरदार जहाज घेऊन आला. देकार्तचा पाय निघत नव्हता. बागांच्या प्रांतांत जन्मलेल्या माणसानें खडक आणि बर्फ यांच्यामधील अस्वलांच्या देशांत राहावयास जावें काय, असें त्यानें १६४९ च्या एप्रिलांत लिहिलें आहे. तरी ऑक्टोबरांत तो स्टॉकहोमला पोंचला व शान्यूच्या घरीं उतरला. राणीच्या शब्दाला नाहीं म्हणणें त्याला जमलें नाहीं. आणि राजाश्रयाचा थोडा मोहहि असावा.

पहिले कांहीं महिने राणीला सवड नव्हती. जानेवारींत धडे सुरू झाले, वेळ पहांटे पांचची. उत्तरेकडील जानेवारींतली पहांट म्हणजे काळोखी मध्यरात्रच. जन्मभर ऊन आल्यावर उठणारा त्रेपन्न वर्षांचा मनुष्य त्या काळोखांत गाडींत बसून राजवाड्याच्या ग्रंथालयांत जाऊं लागला. राणीला निर्दय म्हणणें सोपें आहे. पण तिचें वय तेवीस, अंगावर सगळ्या राज्याचा भार, आणि शिकण्याला मोकळी अशी तिला तीच एक घटका होती. ती स्वतः फार थोडें झोंपे. आपल्याला सोसतें तें सर्वांना सोसतें असें मानणारे लोक शाळा-कचेऱ्यांतूनहि आपण पाहतों, आणि बहुधा तीं मोठीं कर्तबगार माणसें असतात.

१५ जानेवारी १६५० रोजीं देकार्तनें एका परिचिताला पत्र धाडलें. राणीची गांठ चार-पांचदांच पडली, येथें हिंवाळ्यांत पाण्याप्रमाणें माणसांचे विचारहि गोठतात, असें लिहून तो पुढें म्हणतो कीं, मला आतां शांति आणि विश्रांति यांखेरीज कांहीं नको. पण हीं सुखें अशीं आहेत कीं तीं ज्याला स्वतः घेतां येत नाहींत त्याला पृथ्वीवरील बलाढ्य राजेहि देऊं शकत नाहींत. ला फ्लेशच्या अधिकाऱ्यांनीं जें एका खोकणाऱ्या पोराला सहज दिलें होतें, तें मोठेपणीं त्याला राणीजवळ मागतां आलें नाहीं.

त्याच सुमारास शान्यू फुप्फुसाच्या दाहानें आजारी पडला. देकार्त त्याच्या उशाशीं बसे. फेब्रुवारीच्या आरंभीं तोच रोग त्याला जडला. डॉक्टर रक्त काढावयास निघाले तेव्हां त्यानें प्रथम साफ नकार दिला, पुढें मान्य केलें, आणि ११ फेब्रुवारी १६५० रोजीं पहांटे त्याचें देहावसान झालें. थंडीनें व जाग्रणानें त्याचा बळी घेतला असें सरसकट लिहिलें जातें. शान्यूकडून रोग लागला असावा हें अधिक संभवतें, आणि विषप्रयोगाचा तर्कहि कोणीं कोणीं केला आहे. रोग कोठूनहि येवो, शरीर आधींच थकलेलें होतें, एवढें मी म्हणेन.

शान्यू बरा झाला. देकार्तचे कागद त्यानें जपून ठेवले आणि पुढें पॅरिसला आपल्या मेहुण्याकडे पाठविले. १६५३ मध्यें ते घेऊन येणारी होडी पॅरिसजवळ सेन नदींत बुडाली, आणि पेटी तीन दिवस पाण्यांत राहिली. बाहेर काढल्यावर ओलीं पानें निरनिराळ्या खोल्यांतून पसरून वाळवावीं लागलीं. हें काम नोकरांनीं केलें; वाचतां न आल्यामुळें पुष्कळ कागदांचा क्रम कायमचा चुकला. त्या कागदांत जर्मनींतल्या शेगडीच्या खोलींत लिहिलेली १६१९ ची टिपणवहीहि होती.